चांगदेवाची मेन फ्रेम

तळेगाव ढमढेऱ्यात मंडप लग्नाचा असो, सप्त्याचा असो की पुढाऱ्याच्या सभेचा, तो उभा करावा चांगदेवानंच. बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला. बहात्तरच्या दुष्काळात कळप गेला, आणि वीस वर्षांचा चांगदेव एका मंडपवाल्याच्या हाताखाली वासे वाहायला लागला. ते वासे त्याला असे मानवले, की दहा वर्षांत 'बिरोबा मंडप आणि लायटिंग' अशी स्वतःची पाटी लागली.

त्याच्या धंद्यात एक शब्द फार मानाचा होता. मेन फ्रेम. कापड, झालरी, झुंबरं हे सगळं नंतर. आधी वासे आणि लोखंडी अँगल बांधून जो सांगाडा उभा करतात ती मेन फ्रेम. सगळा भार तिच्यावर, आणि कौतुक मात्र झालरीचं. "मेन फ्रेम लोकांना दिसली की समजायचं मंडपवाला कच्चा," असं तो हाताखालच्या गड्यांना सांगायचा. चुकून दिसलीच तर अख्खं कापड सोडून पुन्हा बांधायला लावायचा.

त्यामुळं शहाण्णव साली जे झालं त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता. त्याची लेक पूनम पुण्यात कॉम्प्युटर शिकली आणि तिथंच एका कंपनीत लागली. पहिल्याच दिवशी तिनं बाजारपेठेतल्या टेलिफोन बूथवर फोन केला. बूथवाल्यानं आरोळी मारून चांगदेवाला बोलावलं. लाईन नुसती खरखरत होती.

"आप्पा, मला मेनफ्रेमवर घेतलं!"

चांगदेव चरकला. "मेन फ्रेमवर? अगं, तू चढणार कशी?"

"कुठं चढायचंय?"

"मग खालनं वासं द्यायचं काम हाय व्हय?"

"आप्पा, एसी हाय हितं, एसी!" पूनम ओरडली, आणि लाईन तुटली.

एसी मंडप चांगदेवानं कधी पाहिला नव्हता, पण पुण्यात काय नसतं? लेक एवढी शिकून शेवटी बापाच्याच धंद्यात आली, याचा त्याला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली सगळ्यात चांगली पक्कड, लाल मुठीची, कागदात गुंडाळून पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिली. सोबत चिठ्ठी होती: 'तारेला तीन पीळ द्यावेत. दोनावर थांबू नये.'

खरा प्रकार कळला तेव्हा त्याची बायको भामाबाई आठ दिवस हसत होती. मेनफ्रेम म्हणजे कंपन्यांचा मोठा कॉम्प्युटर, एवढं पूनमनं सांगितलं. तो दिसतो कसा, करतो काय, हे मात्र चांगदेवानं परत विचारलं नाही. एकदा फजिती झालेला माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. लागेल ती माहिती त्यानं टीव्हीवरून घेतली, आणि टीव्हीनं ती भरभरून दिली.

नव्व्याण्णव साली आषाढीच्या सुमाराला गणपती मंडळाचे अध्यक्ष हौसराव चांगदेवाच्या शेडवर आले. सोसायटीचे चेअरमन, दोन विहिरींचे धनी, आणि गणपतीच्या दोन महिने आधीपासून बोलण्यात गणपतीशिवाय दुसरं काही नाही, असा हा माणूस. हातात पेपराची पुरवणी होती. वर मोठं अक्षर: 'मेनफ्रेम: मरणाच्या दारातला राक्षस'. खाली फोटो. हॉलभर पसरलेलं मशीन, त्याला भली मोठी चाकं, शंभर बल्ब, आणि समोर पांढरे कोट घातलेली माणसं.

"चांगदेव, यंदा ह्योच देखावा," हौसराव म्हणाले. "दोन हजार साल लागलं की ह्यो कॉम्प्युटर येडा व्हनार, इमानं पडनार, टेलिफोन बंद. आन् आपला गणपती परशूनं त्याचं टाळकं फोडनार. कशी हाय आयडिया?"

"झकास," चांगदेव म्हणाला. त्याला खरंच आवडली होती.

"झकास म्हणून भागायचं न्हाई. शिरूर-दौंडच्या स्पर्धेत चार सालं झाली, आपला नंबर न्हाई. पोरं म्हणत्यात पुण्याचा डेकोरेटर आणा. मी म्हनलं, यंदा एकडाव चांगदेवाला बघू. नंबर आला तर आपलाच हायेस. न्हाईतर..." हौसरावांनी बोलणं अर्धवट सोडलं आणि दोन्ही हातांनी हवेत नारळाचा आकार केला.

नारळ देणं म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. सतरा वर्षं चांगदेवानं त्या मंडळाचा देखावा केला होता. पैशाचं सोडा, पण मंडळानं काढलं म्हटल्यावर लग्नघरं तरी कशाला थांबणार होती? आणि गावात देखावा दुसऱ्यानं करायचा आणि आपण गर्दीत उभं राहून बघायचा, ही कल्पनाच त्याला सोसेना.

तो झपाटल्यासारखा कामाला लागला. सायकलच्या चाकांना पत्रा ठोकून फोटोतली चाकं केली. तीनशे रंगीत बल्ब लावले. डोळ्यांच्या जागी ट्रॅक्टरचे दिवे बसवले. राक्षसाचा आवाज द्यायला भामाबाईचा भाऊ बिरदेव होताच. डेअरीवर दूध मोजणारा हा शांत माणूस, पण गळा असा, की ओढ्याकाठी हाक मारली तर वेशीतली कुत्री उठायची. "हाऽ हाऽ हाऽ! मी दोन हजाऽऽर!" असा त्यानं महिनाभर सराव धरला. म्हशीनं पान्हा चोरायला सुरुवात केली तेव्हा भामाबाईनं त्याला सरावासाठी रानात हाकललं.

चतुर्थीला सोळा दिवस होते. शनिवारी दुपारी पूनम घरी आली. चांगदेवानं तिला हात धुवायचीही सवड दिली नाही, सरळ शेडमध्ये नेलं आणि बटण दाबलं. चाकं गरगरली, बल्ब लुकलुकले, बिरदेव गडगडाटी हसला. पूनमही पोट धरून हसली.

"भारी हाय आप्पा! पण हे हाय काय?"

"अगं, तुझी मेनफ्रेम!"

पूनमचं हसू जागच्या जागी थांबलं. "ही?"

"मग? पेपरात फोटो हाय की."

तिनं पुरवणी हातात घेतली, नीट पाहिली आणि घडी करून परत दिली. "आप्पा, ह्यो फोटो माझ्या जन्माआधीचा असंल. असली चाकं मी तीन वर्षांत एकदाबी बघितली न्हाईत. बल्ब न्हाईत, आवाज तर न्हाईच न्हाई. आन् मरायला टेकलंय म्हणं! आमच्याकडं गेल्या महिन्यात नवं आणलंय."

"पेपरवाले खोटं कशाला छापतील?"

"उद्या त्यांनी घोंगडीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो छापला, आन् खाली लिवलं की ह्यो चांगदेव, अजून मेंढरं राखतो, तर?"

हे चांगदेवाला झोंबलं. तो कानामागचा खडू काढून पुन्हा कानामागं ठेवायला लागला. "आन् मग ते दोन हजार सालचं? ते बी खोटं?"

"ते खरं हाय. पण सांगा मला, तुमचा जन्म कवाचा?"

"बावन्नचा."

"कुठल्या बावन्नचा?"

"कुठल्या म्हंजी? बावन्न एकच आसतं!"

"आन् मेंढरं गेली तो दुष्काळ?"

"बहात्तरचा." चांगदेव बोलून गेला आणि थबकला.

"आलं ध्यानात? तुमी एकोणीसशे म्हणतच न्हाई. कुणीच म्हणत न्हाई. पयल्या लोकांनी मशीनलाबी दोनच आकडं शिकिवलं, जागा वाचावी म्हणून. आता शून्य शून्य आलं की ते बिचारं म्हणणार, एकोणीसशे साल लागलं. चूक माणसाची, आन् राक्षस मशीन व्हय?" पूनमनं राक्षसाकडं बोट केलं. "तीन वर्षं मी एकेक तारीख हुडकून दोनाचे चार आकडं करत बसलीय. ते मशीन बंद पडू नये म्हणून माझी नोकरी हाय. आन् माझा बाप पाच हजार लोकांपुढं त्याचं टाळकं फोडणार."

ती चिडलेली चांगदेवाला चालली असती. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लेकीचं पाणी त्याला कधीच पेललं नव्हतं.

"डोळ्यांनी बघितल्याबिगर मी कायबी बनवत न्हाई," तो घाईघाईनं म्हणाला. त्याच्यामागं पेपरातल्या फोटोवरून बनवलेला राक्षस अजून फिरत होता, म्हणून बिरदेवानं हळूच बटण बंद केलं.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं बापलेक पुण्याला गेले. पूनमनं साहेबांची परवानगी काढली. वॉचमननं चांगदेवाच्या टोपीपासून चपलांपर्यंत सगळ्याची नोंद केली आणि गळ्यात पाहुण्याचा बिल्ला अडकवला. एका लांबलचक काचेपुढं पूनम थांबली.

काचेपलीकडं थंड, स्वच्छ खोली होती. आत दोन काळी कपाटं उभी. भामाबाईच्या लोखंडी कपाटाहून थोडी मोठी, इतकंच. एका कोपऱ्यात बारीकसा हिरवा दिवा. बस्स.

चांगदेव बराच वेळ बघत राहिला. "बंद हाय का गं?"

"न्हाई आप्पा. आत्ता ह्या मिनिटाला सातासमुद्रापार कुणीतरी इमानाचं तिकीट काढतंय, कुणाच्या तरी इम्याचा कागद निघतोय, हजारो माणसांची कामं चाललीत. सगळी ह्याच्यातनं."

"आवाज न्हाई, काय न्हाई."

"कशाला करंल आवाज?"

तेवढ्यात आतल्या एका माणसानं जमिनीची एक फरशी उचलली. चांगदेवानं नाक काचेला लावलं. फरशीखाली पोकळ होतं, आणि त्या पोकळीत केबली होत्या. शेकडो केबली, पण एकही आडवीतिडवी नाही. वीतभर अंतरानं बांधलेल्या, सरळ, आटोपशीर, कुणाला दिसणार नाहीत अशा जागी. आयुष्यभर तारा बांधणाऱ्या माणसाला तारा बांधणारा ओळखू येतो. चांगदेवाला त्या अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली.

"आन् लाईट गेली तर?" त्यानं विचारलं. धंद्यातला पहिला प्रश्न.

पूनमनं त्याला शेजारच्या खोलीपाशी नेलं. तिथं बॅटऱ्यांच्या रांगा होत्या. "लाईट गेलेली त्याला कळत सुदीक न्हाई आप्पा."

मग ती त्याला आपल्या टेबलापाशी घेऊन गेली. टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा, फाइली, भामाबाईनं दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, आणि पेनांच्या शेजारी लाल मुठीची पक्कड. चांगदेवानं पक्कड उचलली.

"ही हितं कशाला?"

"समदी हसत्यात. पण कामाची हाय. एकदा साहेबांचं ड्रॉवर अडकलं व्हतं."

परतीच्या गाडीत चांगदेव एकटाच होता, पूनम पुण्यालाच राहिली. शिक्रापूरला त्यानं एकदम शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या मांडीवर चापट मारली आणि म्हणाला, "आवं, मेन फ्रेमच की ती! सगळा भार तिच्यावर, आन् दिसायची न्हाई!" म्हातारा पुढच्या स्टॉपला उतरून गेला. त्याला तिथंच उतरायचं होतं की काय, देव जाणे.

घरी येताच चांगदेवानं राक्षस मोडायला काढला. बिरदेव त्या दिवशी जेवला नाही. "दाजी, महिनाभर हसलोय मी," एवढंच तो म्हणाला. भामाबाईचं दुःख वेगळं होतं. तिच्या लग्नातलं कपाट चांगदेवानं शेडमध्ये नेऊन काळ्या रंगानं रंगवलं होतं, आणि तिची लुगडी आता शेवयांच्या पिंपात होती.

हौसराव आले ते तणतणतच. "राक्षस कुठं हाय?"

"राक्षस न्हाई अध्यक्ष. हे हाय." चांगदेवानं कपाट दाखवलं.

"ह्यात काय हाय?"

"ह्याच्यात कायबी दिसत न्हाई. दिसतं ते भवतीनं." कपाटाभोवती चांगदेव प्लायवूडचं गाव बसवत होता. फोनवर बोलणारी बाई, पत्र देणारा पोस्टमन, दवाखान्यातली नर्स, तारेवरून वर चढणारं विमान. चाळीस बाहुल्या, चाळीसही हलणाऱ्या. त्यासाठी त्यानं दौंडच्या भंगारातून जीपच्या वायपरच्या मोटारी आणल्या होत्या, आणि दिवे म्हणून गाड्यांच्या इंडिकेटरचे बल्ब. सगळं बॅटरीवर चालणारं. ट्रॅक्टरच्या चार बॅटऱ्या कपाटाच्या आत, त्यांना चार्जर, आणि कपाटातून निघणाऱ्या तारा फळ्यांखालून, वीतभर अंतरानं बांधलेल्या.

"लोकं देखावा बघायला येत्यात, कपाट न्हाई," हौसराव म्हणाले. "पेठेतल्या मंडळानं राक्षसच केलाय. दहा फुटी. चांगदेव, मी तुला सांगितलं व्हतं."

"सांगितलं व्हतं," चांगदेव म्हणाला. "नारळ द्यायचा तर द्या. पण ह्येच आसतं खरं. मी बघून आलोय. माझ्या पोरीचं काम मी खोटं दावणार न्हाई."

चतुर्थीला इतके थोडे दिवस राहिले होते, की दुसरा डेकोरेटर मिळणार नव्हता. हौसराव दात-ओठ खात निघून गेले.

गणपती बसले, आणि चांगदेवाची जी शोभा झाली ती विचारू नका. पेठेतला राक्षस हसायला लागला की बाया पोरांना कडेवर घ्यायच्या, रांग पार ओढ्यापर्यंत जायची. इकडं चांगदेवाच्या मंडपात लोक यायचे, बाहुल्या बघायचे, "छान हाय" म्हणायचे आणि विचारायचे, "मधलं कपाट हलवायचं राहिलं का?" दुसऱ्या दिवसापासून मंडळाचं नाव 'कपाटाचा गणपती' पडलं. मंडळाची पोरं चांगदेवाला बघितलं की दोन्ही हातांनी हवेत नारळ करायची. त्यानं वरवर हसून नेलं. रात्री भामाबाईला म्हणाला, "चुकलं का गं माझं?" भामाबाई म्हणाली, "कपाट रंगवलं तिथं चुकलंच. बाकीचं मला ठाव न्हाई."

स्पर्धेचे परीक्षक सहाव्या दिवशी, शनिवारी आले. पूनमही पुण्याहून दुपारीच आली होती. संध्याकाळी साडेसातला परीक्षकांची जीप वेशीतून आत शिरली. तीन माणसं, त्यांचे प्रमुख एक निवृत्त हेडमास्तर, मालनबाई. दौंडकडची गावं करून आल्या होत्या आणि चेहऱ्यावर कंटाळा उघड दिसत होता.

"दुपारपासून पाच राक्षस झाले," त्या हौसरावांना म्हणाल्या. "तुमचा सहावा का?"

"आमचं कपाट हाय बाई," हौसराव तोंड पाडून म्हणाले. "आधी पेठेतलं बघून घ्या."

पेठेतला राक्षस चांगदेवाच्या मंडपातूनही दिसत होता. परीक्षक तिकडं गेले, लोकही मागं धावले. चांगदेवाच्या मंडपात उरले तो, बिरदेव आणि दोन म्हाताऱ्या. राक्षसाचे डोळे पेटले, चाकं फिरली, कॅसेट सुरू झाली. "हाऽ हाऽ हाऽ! मी दोन ह..." आणि तो आवाज एकदम जड झाला, लांबला, म्हशीच्या हंबरड्यासारखा खाली खाली गेला, आणि संपला.

गावातली लाईट गेली होती.

पेठ, बाजार, देऊळ, ओढ्यापलीकडची वस्ती, सगळं गुडुप. पोरांनी नेहमीप्रमाणं "होऽऽ" केलं. पेठेतली मंडळी जनरेटरची दोरी ओढायला लागली, आणि जनरेटर खोकून खोकून गप्प बसायला लागला. कुणी काडी ओढली, कुणाच्या पायावर कुणी उभं राहिलं, एक पोर रडायला लागलं.

मग कुणीतरी म्हणालं, "आरं, ते बघा!"

सगळ्या गावात एकच मंडप उजळलेला होता. विमान चढत होतं. पोस्टमन पत्र देत होता. नर्स वाकत होती, बाई फोनवर बोलत होती. एकही बल्ब लुकलुकला नव्हता, एकही बाहुली थबकली नव्हती. मधलं काळं कपाट जसं होतं तसं उभं होतं. लाईट गेलेली त्याला कळलीच नव्हती.

आता मात्र बिरदेवाला राहवेना. माईक बंद पडलेला, पण त्याला माईक हवा होता कुणाला? महिनाभर कमावलेला गळा त्यानं मोकळा सोडला. "घाबरू नगाऽऽ! हिकडं याऽऽ! हितं लाईट हाऽऽय!"

आणि गाव आलं. पेठ रिकामी झाली. बाया, पोरं, पेठेतल्या मंडळाचे कार्यकर्तेसुद्धा. मालनबाई सगळ्यांच्या पुढं उभ्या राहिल्या. त्यांचा कंटाळा कुठल्या कुठं गेला होता.

"हे बंद कसं नाही पडलं?" त्यांनी विचारलं.

चांगदेवानं टोपी नीट केली. "बाई, बंद पडत न्हाई म्हणून तर त्याला मेन फ्रेम म्हणत्यात. पेपरात राक्षस छापत्यात, तसं ते न्हाई. लुकलुकत न्हाई, बोलत न्हाई, म्हातारंबी झालं न्हाई. गुमान उभं ऱ्हातं आन् जगाचा भार वाहतं. माझी लेक त्याच्यावर काम करती. तारखांचं जे काय हाय ना, ते तिच्यासारखी माणसं आत्ता बसून नीट करत्यात. एक जानेवारीला कायबी व्हनार न्हाई, बघा तुमी."

एवढं लांब भाषण त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. मालनबाई वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. निकाल चतुर्दशीला लागायचा होता, त्यामुळं काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही.

गर्दीतून वाट काढत हौसराव आले. गणपतीपुढचा नारळ त्यांच्या हातात होता. चांगदेव एक पाऊल मागं सरला. आता? एवढं झाल्यावर? या खेपेला पोरांनीही हवेत नारळ केला नाही.

"घे," हौसराव म्हणाले.

चांगदेवानं हात पुढं केला नाही.

"आरं घे की! नंबर येऊ न्हाईतर न येऊ, पुढल्या सालच्या देखाव्याचा हाय ह्यो नारळ. आख्खं गाव आणलंस मंडपात. तुला कुठं काढून देतोय?" हौसरावांनी नारळ त्याच्या हातात कोंबला आणि हसले. "तेवढं कपाट पुढल्या साली हालव म्हंजी झालं."

पोरांनी एकच गिल्ला केला.  तोंड लपवायला अंधार नव्हता, म्हणून चांगदेवानं टोपी पुढं ओढली. त्यानं चहूकडं नजर फिरवली. पूनम कुठं होती? हे सगळं तिच्यापायी, आणि नेमकी तीच नाही. भामाबाई होती, बिरदेव होता, पूनम नव्हती.

"पूनमे!" त्यानं हाक मारली.

"हितं हाय!" आवाज कपाटातून आला.

चांगदेव मागच्या कापडाखालून वाकून आत गेला. कपाटाचं मागचं दार उघडं होतं. बॅटऱ्यांच्या शेजारी, मांडी घालून, साडीचा पदर कमरेला खोचून पूनम बसली होती. एका बॅटरीच्या टोकावरची तार सैल झाली होती. ती तार तिनं लाल मुठीच्या पकडीनं टोकावर घट्ट दाबून धरली होती. कपाळावर घाम.

"कवापासनं?" चांगदेवानं विचारलं.

"लाईट गेली तवापासनं. मी मागल्या कापडाआड व्हते, तितला एक बल्ब जरा मंद झाला, मला वाटलं बघावं. सोडली आस्ती तर समदं बंद. तुमी किती पीळ दिलं व्हतं ह्या तारेला?"

चांगदेव आठवायला लागला. घाईच्या दिवशी बांधलेली ती तार होती. "दोन," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"चिठ्ठीत तीन लिवलं व्हतं."

बाहेर हजार माणसं त्या उजेडात उभी होती. आत ही पोर तार धरून बसली होती, आणि तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तीन वर्षं ती काय करते, ते चांगदेवाला काचेतून बघूनही पुरतं कळलं नव्हतं. ते आत्ता कळलं. तो तिच्याशेजारी खाली बसला. त्यानं खिशातून नवी तार काढली, टोक तासलं आणि जुन्या तारेशेजारी बांधलं. एक पीळ, दोन पीळ, तीन पीळ.

"सोड आता," तो म्हणाला.

पूनमनं पक्कड काढली. बाहेर एकही बल्ब हलला नाही. तिनं हाताची बोटं चोळली. चांगदेवानं नारळ तिच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो तुझा. आन् पक्कड हिकडं दे, मला लागंल."

"नारळ घेते," पूनम म्हणाली आणि पक्कड पर्समध्ये टाकली. "पक्कड मातर न्हाई मिळायची आप्पा. ती सोमवारी ऑफिसला लागती."